ज्याचं जातं, त्याची शपथ

मेरांती आणि केलुबी या दोन राज्यांची हद्द कशी ठरवायची, हे तिसऱ्याच ठिकाणी, समुद्राकाठच्या एका ओसरीवर, खुर्च्यांवर बसून ठरलं. बसलेल्यांपैकी एकानंही आयुष्यात भात लावला नव्हता. जिथलं पाणी आपणहून मेरांती नदीत उतरतं तो मुलूख मेरांतीचा आणि जिथलं केलुबी नदीत उतरतं तो केलुबीचा, असा नियम त्यांनी केला आणि दोन्ही राजांनी त्यावर मोहरा उमटवल्या. माणसं खोटं बोलतात, पाणी बोलत नाही, असं त्यांतला एक साहेब म्हणाला म्हणे. त्याच्या देशात पाणी बहुधा देवावर सोडलेलं असावं.

लुमुतचा पंघुलु पांडक सुदीन याला हा नियम वाचून दाखवला, तेव्हा तो विडा चघळत होता. चघळता चघळता थांबला. पंघुलु म्हणून गावचा कारभार तो सतरा वर्षं पाहत होता आणि गावातलं पाणी कुठून कुठं जातं हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ते त्यानंच तिकडं नेलं होतं.

लुमुत म्हणजे दोन नद्यांच्या मधली दलदल; ताबा मेरांतीचा, पण हक्क दोन्ही राजे सांगायचे. पूर्वी तिचं पाणी रांगत रांगत पश्चिमेला, केलुबीकडे जायचं, आणि जाता जाता अर्धं भात कुजवायचं. बारा वर्षांपूर्वी पांडकनं गाव जमवून पूर्वेला, मेरांती नदीपर्यंत, छातीइतका खोल चर खोदला. तेव्हा कुणाच्या डोक्यात राज्यं नव्हती, भात होतं. पूर्वेची वाट जवळची पडत होती, एवढंच. दोन महिन्यांत दलदल उलटी फिरली आणि पुढच्या हंगामाला गावानं पहिल्यांदा पोटभर तांदूळ खाल्ला. आता चराच्या काठांवर नेचे आणि बांबू माजले होते, कडा झिजून गोल झाल्या होत्या, मासे होते, खंड्या पक्षी होते. नवख्या माणसानं तो ओढाच समजला असता.

तसा समजला तर लुमुत मेरांतीतच राहणार होतं. चर आहे हे कळलं तर केलुबीत जाणार होतं. आणि केलुबीत जाणं म्हणजे वेठ.

मेरांतीत साहेब येऊन बसल्यापासून, सहा वर्षं झाली, वेठ बंद झाली होती. त्याऐवजी सारा आला होता. सारा भरताना शिव्या सगळेच घालायचे, पण आपापल्या घरी बसून घालायचे. केलुबीत अजून ढोल वाजला की घरटी एक माणूस निघायचा, स्वतःचा तांदूळ आणि स्वतःचा कोयता घेऊन. राजाची नाव बांधायची असो, हत्तीसाठी वाट करायची असो, किती दिवस ते राजाच्या मर्जीवर. परत आलेली माणसं चार महिने खोकत बसायची. काही येतच नसत.

लुमुतच्या लोकांना बजावून सांगायची गरज नव्हती. गावात तीस घरं होती आणि तीसही घरांना एकदम बारा वर्षांमागचं काही आठवेनासं झालं. पांडकला मेरांतीच्या राजानं हद्दीसाठी आपला वकील नेमलं, तेव्हा त्याला वाटलं, गप्प बसण्याचंच काम आहे, जमेल.

आठवड्यानं बातमी आली की केलुबीनं आपला वकील म्हणून बुयोंगला नेमलंय. त्या दिवशी पांडक जेवला नाही.

बुयोंग हा केलुबी नदीपलीकडच्या गावचा पंघुलु आणि पांडकचा व्याही. चर खोदताना तो आपली अकरा माणसं घेऊन इर्जिकीला आला होता. आधीच्या वर्षी लुमुतच्या लोकांनी त्याच्या गावची कापणी केली होती, ते दिवस त्यानं खोदून फेडले. चाळीस दिवस तो गुडघाभर चिखलात उभा होता. त्याचे दोन्ही मुलगे, कुलुप आणि आलांग, त्याच्या शेजारी होते. चराची लांबी, खोली, कुठं खडक लागला, कुठं वाकवावा लागला, सगळं त्याला पाठ असणार.

पांडकची मुलगी मेलुर ही आलांगची बायको. रीतीप्रमाणे लग्नानंतर आलांग सासुरवाडीला, लुमुतला राहायला आला होता आणि त्यांना दोन वर्षांची मुलगी होती. मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी पांडक दुपारचा लेकीकडे गेला. तिनं भात, सुकी मासळी आणि मिरचीचं तोंडीलावणं वाढलं.

"बापा, ते सांगणार का हो?" तिनं विचारलं.

"कोण?"

"आता कोण म्हणून काय विचारता? सासरे."

"त्यांच्या तोंडाला मी झाकण कसं लावू? त्यांच्या राजाचे वकील आहेत ते. सांगणं हेच त्यांचं काम."

"मग ह्यांचं काय? ढोल वाजला की ह्यांना धाडायचं?"

पांडकनं घास खाली ठेवला. दोघांच्याही डोळ्यांसमोर कुलुप होता. नऊ वर्षांपूर्वी केलुबीत ढोल वाजला, तेव्हा बुयोंग पंघुलु नव्हता आणि तापानं फणफणला होता. बापाच्या जागी मुलगा गेला तरी चालतं, तसा कुलुप गेला. राजाच्या नावेसाठी ओंडका उतरवताना तो ओंडक्याखाली आला. त्याचा कोयता तेवढा घरी पोचला. पुढं राजानं बुयोंगला पंघुलु केलं. पंघुलुच्या घरावर वेठ नसते, तेव्हा ही मेहेरबानीच म्हणायची, फक्त थोडी उशिरा आलेली.

"जेवा तरी," मेलुर म्हणाली.

मोजणीचा साहेब तरणा होता, उन्हानं लाल झालेला, पायांना जळवांचे डाग. भाषा त्यानं पुस्तकातून शिकली होती, म्हणून फार शुद्ध बोलायचा आणि कुणी थट्टा केली की ती लिहून घ्यायचा. तो प्रामाणिक होता. पांडकला लाचखाऊ साहेब परवडला असता.

चार दिवस ते टेकडीच्या धारेवरून चालले. पुढं साहेब, होकायंत्र आणि साखळी. मागं दोन वकील, हातात कोयते. रीत अशी की हद्दीच्या झाडावर दोघांनी खाचा पाडायच्या, पूर्वेची खाच मेरांतीच्या वकिलानं, पश्चिमेची केलुबीच्या, म्हणजे उद्या कुणाला नाकारता येऊ नये. पांडकच्या खाचा खोल आणि नेटक्या पडायच्या. बुयोंगचा कोयता दरवेळी घसरायचा.

"व्याही, झाडाला गुदगुल्या करताय का?" पांडक म्हणायचा.

"तुमच्या मुलुखातली लाकडं मऊ. आमच्या बाजूची कणखर असतात."

"झाड एकच आहे."

"बाजू दोन आहेत ना? तुम्हाला भात कळतं, तेवढंच पाहा."

हसायचे दोघंही. लग्नात मेरांतीच्या लोकांनी म्हशीचं मटण कच्चं ठेवलं होतं, हा विषय तिसऱ्या दिवशी निघाला. बुयोंगच्या बायकोनं त्या दिवशी नेसलेलं रेशीम उसनं होतं, हा त्याच दिवशी दुपारी. साहेबानं ‘उसनं रेशीम’ वहीत लिहून घेतलं. पण चार दिवसांत चराचा शब्द दोघांपैकी एकानंही काढला नाही. बोलणं चिखल, भात, म्हशी असं फिरत फिरत त्याच्या जवळ आलं की बुयोंग पानदान उघडायचा आणि सुपारी कातरायला लागायचा. पांडकला वाटे, विचारून टाकावं. आणि वाटे, विचारलं की त्याला उत्तर द्यावं लागेल. भीती वाटत होती, सरळच सांगायचं तर. आपल्या घरी जेवलेल्या माणसाची भीती.

पाचव्या दिवशी टेकडी संपली आणि दलदल लागली. इथं धार नव्हती, उतार नव्हता, साहेबाच्या यंत्राला काही सुचेना. मग त्यानं भाताचं तूस मागवलं आणि ओंजळभर पाण्यावर टाकलं. तूस थोडं जागच्या जागी फिरलं, मग रांगेनं पूर्वेकडे निघालं. साहेब त्याच्यामागून काठाकाठानं चालत गेला. तूस चरात शिरलं आणि झपाट्यानं मेरांतीकडे वाहू लागलं.

साहेब काठावर उभा राहून बराच वेळ चराकडे बघत होता.

"हा ओढा फार सरळ आहे," तो म्हणाला.

पांडकनं मागं वळून पाहिलं. केलुबीच्या राजानं बुयोंगबरोबर दोन शिपाई दिले होते, ते एका ओंडक्यावर बसून पायाच्या जळवा काढत होते.

"साहेब, दलदलीत पाणी सरळच जायचं," बुयोंग म्हणाला. "वळायला त्याला दगड तरी हवा ना?"

साहेबानं तेही लिहिलं. मग त्यानं वही मिटली. त्याला वरून हुकूम होता की जिथं शंका येईल तिथं शपथ घ्यायची, आणि ज्याचा मुलूख जाणार त्याच्या वकिलाची घ्यायची. ज्याला मिळणार तो काय, काहीही म्हणेल. ज्याचं जाणार तोच कबूल झाला तर मागाहून कुणाला बोलायला तोंड उरत नाही. नियम शहाणपणाचा होता. फक्त तो करणाऱ्यांनी व्याही हिशेबात धरले नव्हते.

कारकुनानं कापडात गुंडाळलेलं कुराण आणलं. बुयोंगनं चरातच हात-पाय धुतले, तोंड धुतलं, वजू केली. सावकाश केली. मग ओल्या पायांनी वर आला आणि कुराणावर उजवा हात ठेवला.

"हे पाणी आपणहून असं वाहतं, की माणसानं वळवलंय?" साहेबानं विचारलं.

पांडकला हे सगळं पुढं कितीतरी वर्षं आठवत राहणार होतं. त्याच्यापासून बुयोंग चार हातांवर होता. एक शब्द पुरला असता. पांडकनं नुसतं म्हटलं असतं, थांबा साहेब, त्यांना विचारू नका, चर मी खोदलाय, तर त्या हाताला कुराणावरून उठायला वाव होता. गाव गेलं असतं, जावई गेला असता, पण व्याही वाचला असता. पांडक बोलला नाही. त्यानं खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"आपणहून वाहतं," बुयोंग म्हणाला. "मी पोर होतो तेव्हापासून असंच बघतोय. अल्लाची शपथ."

साहेबानं वहीत दोन ओळी लिहिल्या, खाली बुयोंगचा अंगठा घेतला, पांडकचा घेतला, आणि लुमुत मेरांतीचं झालं.

परतीच्या वाटेवर शिपाई पुढं गेले तसा पांडक व्याह्याच्या बरोबरीला आला.

"तुमचे उपकार—"

"तुमच्यासाठी नाही केलं," बुयोंग म्हणाला. "आलांगसाठी केलं. एक दिला मी त्यांना. दुसरा द्यायचा नाही, एवढंच मला कळलं. बाकी अल्लाचं आणि माझं काय ते मी बघेन. तुम्ही त्यात बोलू नका."

मग त्यानं पानदान काढलं, पण विडा करून दिला तो एकच, पांडकला. स्वतः खाल्ला नाही.

कागद वर गेले. दोन महिन्यांनी मोहरा होऊन खाली आले. लुमुतमध्ये त्या दिवशी बोकड कापला आणि ज्यांना काहीच आठवत नव्हतं त्यांना मेजवानीत सगळं आठवलं, कुणी किती टोपल्या चिखल उपसला ते. आलांग मात्र उठून बाहेर गेला. बाप खोटी शपथ घेऊन गेलाय हे त्याला कळलं होतं. त्यानं दोनदा निरोप धाडला, घरी या, नात विचारते. बापाकडून उत्तर आलं नाही.

कोरडा हंगाम लागला तसा दोन्ही राज्यांना हुकूम आला की हद्दीवर दहा-दहा हात रुंद रान तोडून पट्टा मोकळा करा. मेरांतीनं मजूर लावले. केलुबीनं ढोल वाजवला.

पांडक मजुरांवर देखरेखीला होता. एका सकाळी पट्ट्यावर पलीकडची टोळी दिसली, वीसेक माणसं, कमरेला तांदळाच्या पुरचुंड्या. त्यांत मागं एक म्हातारा बांबू तोडत होता. कोयता दरवेळी घसरत होता. पांडकनं त्या घसरण्यावरूनच त्याला ओळखलं.

"व्याही," तो जवळ जाऊन म्हणाला.

"हळू बोला," बुयोंग म्हणाला. हात थांबवला नाही. "मुकादम बघतोय. बांबूंविषयी बोलतोय असं दिसू द्या."

"तुम्ही पंघुलु, आणि वेठीला?"

"होतो पंघुलु. राजा म्हणाला, ज्याला मुलूख राखता येत नाही त्याला गाव कशाला? झालं." तो खोकला. खोकला खोलातला होता. "राजानं तसं सोडलंच म्हणायचं. मी मूर्ख आहे एवढंच त्याला वाटतंय."

"चला माझ्याबरोबर. आत्ता, असेच. पट्टा ओलांडला की मेरांती. तिथं तुम्हाला कोण हात लावतोय? आलांगच्या घरी राहा."

"आणि लोक काय म्हणतील?" बुयोंगनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. चेहरा निम्मा राहिला होता. "मुलाच्या घरी जेवताना दिसलो की मी मूर्ख राहत नाही, व्याही. मग राजाला कळतं मी लुमुत का घालवलं. मग दुसरा साहेब येतो, कुदळ घालतो, चराचा तळ बघतो. तुम्हाला काय वाटतं, तो तळ ओढ्यासारखा दिसतो?"

तळाला खडक फोडल्याच्या खुणा होत्या. फोडला तो बुयोंगनंच.

"निदान आलांगला सांगतो. तो येऊन—"

"तेच सांगू नका." बुयोंगचा कोयता थांबला. "तो येईल. मी ओळखतो ना त्याला. येईल आणि माझ्या हातातून हा कोयता घेईल. बापाच्या जागी मुलगा चालतो. मुकादमाला तर तरणाच हवा असतो. चार दिवसांत आमची टोळी डोंगरावर जाते, ओंडके उतरवायला. मी शपथ कशासाठी घेतली मग?"

"मग काय सांगू त्याला? रोज विचारतो."

बुयोंगनं थोडा विचार केला. एखादं वळण काढताना चिखलात करायचा तसा, ओठ मुडपून.

"सांगा, रागावलाय. म्हणावं, तुझ्यापायी कुराणावर हात ठेवून खोटं बोलावं लागलं, आता तुझं तोंड बघायचं नाही म्हणतो. निरोप धाडू नकोस, येऊ नकोस, आलास तर दार उघडणार नाही. एवढं सांगितलं की नाही येणार. मानी आहे."

"हे माझ्या तोंडून जायचं नाही, व्याही."

"का? त्या दिवशी तुमच्या तोंडून काहीच गेलं नाही. आता एवढं जाऊ द्या."

तो हे रागानं म्हणाला नाही, म्हणून पांडकला फार लागलं. मुकादम ओरडला. बुयोंग वाकून पुढच्या बांबूकडे वळला आणि खोकत खोकत तोडायला लागला. पांडकनं आपल्या डब्यातला भात आणि मासळी केळीच्या पानावर पट्ट्याच्या कडेला ठेवली आणि तो परत फिरला. शंभर पावलांवर जाऊन मागं बघितलं. पान तसंच होतं.

संध्याकाळी तो लेकीच्या घरी गेला. मेलुर पायऱ्यांवर पोरीला भरवत होती. आलांग खांबांवर उभ्या घराखाली बसून कुदळीला दांडा ठोकत होता.

"मामा, पट्ट्यावर पलीकडची टोळी आलीय म्हणतात," तो म्हणाला. "आमच्या गावची माणसं आहेत का त्यांत? माझ्या बापाची काही खबर?"

"आहे," पांडक म्हणाला.

आलांगनं हातोडी खाली ठेवली.

पांडकनं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, जसं सांगायला सांगितलं होतं तसं. तोंड बघायचं नाही म्हणतात. निरोप धाडू नकोस. आलास तर दार उघडणार नाहीत. सांगताना त्याचा आवाज हलला नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. मेलुरचा हात पोरीच्या तोंडापाशी थांबला होता.

"असं म्हणाले?" आलांगनं विचारलं.

"असंच म्हणाले."

"बरे आहेत ना पण?"

"बरे आहेत," पांडक म्हणाला. "अंगानं भरलेत."

आलांगनं मान हलवली. हातोडी उचलत तो म्हणाला, "बरे असतील तर राहू दे मग," आणि पुन्हा दांडा ठोकायला लागला.